अर्धा ग्रॅम

मनामाच्या सोनारबाजारात
जयंतीभाई पाटली काट्यावर ठेवतात, चष्मा वर करतात:
अर्धा ग्रॅम कमी भरते, बेन.
पावतीवर साल एकोणऐंशी. आईची तिरकी सही.

अर्धा ग्रॅम कुठे गेला ते मला ठाऊक आहे.
आमचा राखाडी पोपट, नाव कारकून,
कारण तो खिडकीत साहेबाची वाट बघत असल्यासारखा
येरझाऱ्या घालायचा.
आई रात्रपाळीहून येऊन आडवी झाली
की एसीच्या घरघरीत
तिच्या मनगटाशी बसून
बावीस कॅरेट कुरतडत राहायचा.
ती झोपेतच म्हणायची, खा बाबा, तुझंच आहे.

बाबा गेल्यावरही सहा वर्षं
तो त्यांच्याच आवाजात विचारायचा,
"किल्ली घेतलीस?"
आणि आई दर वेळी
पर्स चाचपायची.

घासून सरळ करू? जयंतीभाई विचारतात,
नाहीतर वितळवू, मजुरी घेणार नाही.
मी नको म्हणते.
कडेचे ते खळगे माझ्या अंगठ्याला
अंधारातही सापडतात.

मृण्मयीला लग्नात हीच हवी आहे,
हिऱ्यांचा सेट तिने बघितलासुद्धा नाही.
तिला अजून सांगायचंय
की मुहर्रकला जुन्या धक्क्यामागे
बिस्किटांच्या डब्यात, नर्सच्या टोपीत गुंडाळून
आम्ही त्याला ठेवला होता.
आता तिथे भराव आहे,
समुद्र बराच लांब गेलाय.

निघताना जयंतीभाईंकडून
नव्या पावतीवर
जुनंच वजन लिहून घेतलं.