उदईक

वेळेचं आणि माझं भांडण नाही.
नवाच्या ठोक्याला बसतो
दांडिया बाजारातल्या या माडीवर,
पाचही पेन्सिलींना टोक काढतो,
मग खिडकी पुसतो.
रणदिवेकाकूंचा फोन: "झालं का हो आमच्या कागदांचं?"
"होत आलंय," म्हणतो,
आणि ते खरं वाटावं म्हणून चहा टाकतो.

मोडीतली अकरा पानं. संक्रांतीपासून.

काल रात्री सातव्या पानाच्या तळाशी
कुणा कारकुनाची ओळ लागली:
'नेत्र दुखतात. शेष मजकूर उदईक लिहू.'
पान उलटलं. कोरं.
पुढचं वेगळ्याच हातचं.
दीडशे वर्षं त्याचा उदईक
तिथंच बसलाय, बोरू पुसत.

हसलो. मग ते हसू घशात अडकलं.

आज मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरलाय.
दोन पेन्सिली बोथट आहेत, राहू देत.
खाली दोन रिक्षावाले गुजरातीत भांडतायत,
रंगलंय चांगलं.
कान धरून स्वतःला परत आणलं.

साडेअकरापर्यंत चार ओळी.
पाचवीत अडलो: 'सुत' की 'सूत'?
मुलगा की धागा?
मोडीला ऱ्हस्व-दीर्घाचं सोयरसुतक नाही.
एरवी इथं कोश उघडला असता,
कोशातून कोशात, संध्याकाळपर्यंत.

शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं.
सहावी ओळ.