फॅमिली सेक्शन

वाशी, सेक्टर सतरा. जिना चढून डावीकडे.
खाली पुरुष, क्रिकेट, चकणा;
वर एसी, मरून पडदे
आणि पाटी: फॅमिली सेक्शन.
"मॅडम, मागून कोणी येतंय?"
नाही. मीच फॅमिली.
कोरम पूर्ण आहे.

पूजारीने या जिन्यावर सगळं पाहिलंय.
रडणारे बिल्डर, टेबलाखालून सरकणारी पाकिटं,
एकदा तर मोडलेला साखरपुडा,
तंदुरी अर्धी तशीच.
पण पंचावन्न वर्षांची बाई, सुती साडी,
पिशवीत रिकामा डबा,
एकटी,
आणि म्हणते, बिअर. थंड. मसाला पापड, कांदा जास्त.
हे नव्हतं पाहिलं.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने पालेर्मोला पाठवलं.
महाप्याहून गेलेले व्हॉल्व्ह तिथल्या गोदीत बसवायचे होते,
कागद तपासायला मी.
चार दिवस कागदांचे.
रात्री कोणाच्या, ते पत्रात लिहिलं नव्हतं.

तिथे एक मासळीबाजार.
दिवसा कोलंबी, माकूळ, आरडाओरडा,
दिवाळ्याच्या जेट्टीवर हेमांगी तांडेल
गिऱ्हाइकाला ऐकवते तस्सा, फक्त इटालियनमध्ये.
रात्री ओटे धुतात
आणि त्याच ओट्यांवर ग्लास मांडतात.
वास जात नाही. कोणी घालवतही नाही.

पहिल्या रात्री मी हॉटेलातून तीनदा निघाले,
दोनदा परत फिरले.
तिसऱ्यांदा एका म्हातारीने,
ओठ लालभडक, गुडघ्याला पट्टा,
उलटं घातलेलं क्रेट पायानेच माझ्याकडे सरकवलं.
भाषा नव्हती.
तिने नारिंगी काहीतरी मागवलं, कडू,
कारल्याच्या रसात संत्रं पिळावं तसं.
पहिला घोट मी सौजन्याने घेतला,
दुसरा कुतूहलाने,
तिसऱ्याचं कारण आठवत नाही.
कोणीतरी स्कूटरवर स्पीकर लावला.
नाही, नाचले नाही.
बसल्या बसल्या खांदे हलवले फक्त.
माझे खांदे!
तीस वर्षं पदर आणि पिशवी,
एवढ्याच कामावर ठेवलेले.

दीड वाजता चालत परत आले.
इतक्या उशिरा कुठे होतीस,
हे कोणी विचारलं नाही,
आणि ते न विचारणं
खोलीचं दार लावेपर्यंत मागे मागे येत होतं,
ओळखीच्या कुत्र्यासारखं.

"पडदा ओढू, मॅडम?"
पूजारी मायेने विचारतो. खरंच मायेने,
म्हणूनच उत्तर द्यायला वेळ लागतो.
"राहू दे."
"लोक बघतात."
"बघू दे. मीही बघते."
दारूला परवाना लागतो.
एकटीने बसायला लागत नाही,
मी नियम वाचलेत; तेच माझं काम.

पुढच्या शुक्रवारी हेमांगीला आणली.
टोपली खाली ठेवली तिने, वॉचमनच्या भरवशावर,
अंगाला बाजाराचा वास तसाच.
व्हिस्की मागितली, पाणी नको म्हणाली,
आणि बोंबील आल्यावर ताट नाकाशी धरून
इतक्या मोठ्यांदा हसली की खालचं क्रिकेट थांबलं.
"पूजारी, यो बोंबील कदीचा रं?"
आचारी स्वतः वर आला. माफी मागितली.
दुसरे आले.

मग मी तिला क्रेटचं सांगितलं, नारिंगी कडूचं, खांद्यांचं.
ती ऐकत होती, काटे काढत.
"कुठं आलं गो तं?"
"पाण्यापलीकडे."
"मंग उरनच्या पुढं आसल."
"असेल. होडी आहे ना तुझी?"
"हाय की."
तिने घड्याळाकडे नाही, खिडकीकडे पाहिलं,
जिथून खाडी दिसतसुद्धा नाही.
"पन आता सुकती लागली.
पानी चढंपर्यंत बसू."

पूजारी, अजून एक.