फळीचा काठ

सहा महिने गोदीत होतो.
एका म्हाताऱ्या जहाजाच्या दोनशे चौदा केबिनी
सोलल्या, पुन्हा मढवल्या.
भिंतीतून उतरणारा पलंग, गोल कोपऱ्यांचं टेबल,
आरशामागे आणखी एक कपाट.
खिडकी नसेल तिथे पडदा तरी लावायचाच,
साहेब म्हणायचा.

भुसावळला उतरलो तेव्हा
तापी पार तळाला गेलेली,
कूलर नुसता गरम वारा फेकत होता.
कुमुदनं दारातच हात आडवा धरला :
आधी बंदराचं शुल्क.
तिनं माहितीपत्रक वाचलं होतं,
तिकिटात धरत नाहीत ते, वेगळं घेतात.
दिलं. सुरतेची घारी,
वाटेत तूप सुटलेली.

दुसऱ्या दिवशी चुलीवरच्या भिंतीला फळी ठोकली
आणि हातानंच, मला न विचारता,
तिला बोटभर काठ लावला.
कुमुद हसली. "घर काय डोलतंय का आपलं?"

रात्री पावणेदोनला
मागच्या रुळांवरून कोळशाची गाडी गेली,
अठ्ठावन्न वाघिणी.
पेले किणकिणत पुढे सरकले,
काठाशी येऊन थांबले.

अंधारात ती मोजत होती :
चार... पाच...
सहावा कुठंय?