पातेलं परत, आत गूळ

मंगळवार पेठेत, जुन्या बाजाराच्या मागे,
सायकलच्या दुकानावर आमची संस्था.
पाटीवर नावापेक्षा नोंदणी क्रमांक ठसठशीत,
कारण धर्मादाय कार्यालयातून एकदा साहेब आले
आणि त्यांना तो दिसला नव्हता.
मी खजिनदार. पगार नाही, किल्ली आहे.

या महिन्यात खराडीच्या एका कंपनीचा फॉर्म आलाय.
पैसे द्यायला तयार आहेत, माणसं चांगली आहेत,
फक्त दोन रकाने भरून हवेत:
डावीकडे देणगीदार, उजवीकडे लाभार्थी.
आणि खाली, पाचशे अक्षरांत, संस्थेचा इतिहास.

इतिहास पत्र्याच्या कपाटात आहे.
आफरीन तांबोळी दर शनिवारी येते,
वही उघडते, मोबाइल आडवा धरून फोटो काढते.
पहिल्या कारकुनाने मोडीत लिहिलंय.
तिला येत नाही, मला अर्धंमुर्धं.
एकेक नाव आम्ही लावतो
अंधारात कडी चाचपावी तसं.

चोपन्न साल. अभ्यासिकेच्या कंदिलासाठी.
सखवारबाई ढावरे, दोन आणे.
इमाम पिंजारी, एक आणा आणि बसायला गादी.
तुळजा धोत्रे, पैसे नाहीत,
ओटा बांधून दिला.

बारा जुलै एकसष्टच्या पानावर काही नाही.
शाई विरघळून नुसता तपकिरी ढग,
कडेला मुठेचा गाळ,
अजून नखाने खरवडला तर निघतो.
पुढच्या पानावर अक्षर वेगळं, पेन्सिलीचं:
सखवारबाई ढावरे, एक घोंगडी, एक पातेलं, नेलं.
इमाम पिंजारी, दोन पायली ज्वारी, नेली. घर राहिलं नाही.

तीच नावं.
क्रियापद तेवढं बदललंय.

"काका, हिला कुठल्या रकान्यात टाकू?"
आफरीन विचारते.
मी म्हणतो, थांब, पान उलट.

दिवाळीनंतरची एक ओळ:
सखवारबाई ढावरे. पातेलं परत. आत गूळ.
किती गूळ, लिहिलेलं नाही.
ज्याने सुतळीसुद्धा वितीने मोजून मांडली
त्याने गूळ मोजला नाही.

सगळंच गोड आहे असं नाही.
अडुसष्टला खजिनदार पसार, एकशे चाळीस रुपये.
त्या महिन्यात वर्गणी तिघांचीच.
माझ्या खुर्चीचा तोही एक पूर्वज,
मी उगाच खिशातली किल्ली चाचपतो.
मग बहात्तरला, कोण जाणे कशी,
याच गल्लीतून दौंडकडच्या खडीकेंद्रावर
भाकरी गेली, आठवड्यातून दोनदा, फडक्यात बांधून.
फडकी परत आल्याची नोंद आहे. धुतलेली.

पाचला शिवणवर्ग सुटतो.
बायकांना मी फॉर्म वाचून दाखवतो.
लाभार्थी म्हणजे कोण, त्या विचारतात.
तुम्ही, मी सांगतो.
मुमताज दाताने दोरा तोडते, बोलत नाही.
रंजना शेंडगे बोलते:
"महिन्याला वीस रुपये टाकतो आम्ही डब्यात.
ते मग कुणी टाकले?"

रात्री मी दोन्ही रकान्यांत एकच यादी भरली.
स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली:
नावे दुबार आहेत. कृपया तपासा.
तपासली, मी म्हणालो,
मोठ्याने, रिकाम्या खोलीत,
सत्तर वर्षांची तपासली.

इतिहासाच्या चौकटीत ती एकच ओळ लिहिली,
पातेल्याची.
बाकी सगळी चौकट पांढरी.

सकाळी पाठवण्याआधी रंजनाला दाखवली.
ती म्हणाली, एवढी जागा आहे,
रिकामी कशाला पाठवता?
लिहा खाली,
खराडीत कधी पाणी शिरलं
तर निरोप द्या म्हणावं.
घोंगड्या आहेत आमच्याकडे.