झेंडा सापडल्याची खूण

ओन्नीने काचेवर तीन दुर्बिणी मांडल्या,
खाली हिरवं फडकं,
दातांच्या डॉक्टरने हत्यारं मांडावीत तशा.
डोळ्याला लावायची, बटण दाबायचं,
झेंड्यापर्यंतचं अंतर आत लाल आकड्यांत उमटतं.
लेझर आहे, चुकत नाही, म्हणाला.

पहिली एकशे एकोणनव्वद युरोंची, हलकी,
पण धुक्यात गांगरते,
धुक्यालाच झेंडा समजते.
दुसरी चढउतार धरून आकडा सांगते,
स्पर्धेत तेवढं बंद ठेवायचं.
बाजूला एक खटका आहे, लाल म्हणजे लबाडी चालू,
चार हातांवरून कुणालाही दिसेल असा.
एकतीस वर्षं पुलावर, जकातीच्या चौकीत काढली मी.
माणसांना असा खटका असता
तर घरी वेळेवर जेवलो असतो.

तिसरी घ्या, कालेर्वो.
झेंडा सापडला की ही हातात थरथरते.
शंकेला जागाच नाही.

मी हात खिशात घातला.

ताकाला जाऊन भांडं लपवत होतो, कळत होतं.
नाताळापासून उजवा हात मनाला येईल तसा हलतो.
कप बशीवर वाजतो.
बँकेत माझी सही माझ्याच सहीशी जुळत नाही.
जिवाला धोका नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
जिवाचं मी विचारलंच नव्हतं.

बाहेर जाऊन बघा ना, ओन्नी म्हणाला.

बाहेर रात्रीचे पावणेबारा
आणि ऊन टक्क जागं,
तिरकं, पिवळं, डासांनी भरलेलं.
जूनमध्ये इथे कुणीच नीट झोपत नाही,
ना तोर्निओत, ना नदीच्या त्या अंगाला.
तिसरी डोळ्याला लावली.
बर्चच्या खोडावर नेम. थरथर. सापडला.
सशावर. थरथर. सापडला.
कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीवर,
चर्चच्या टोकावर,
ज्याला अंतर नसतंच त्या ढगावरसुद्धा
सापडला, सापडला, सापडला.
सगळं जग एकदम हाती लागल्यासारखं.
यंत्र थरथरतंय की मी,
याचा पंचनामा कुणी करायचा?

मग लाल टोपी दिसली.
गुन्वोर, स्वीडनमध्ये, बॅग ओढत येणारी.
तीही जकातीतली, तिकडच्या.
एकतीस वर्षं पुलाच्या त्या टोकाला,
लोणी आणि सिगारेटी मोजत.
तेव्हा आम्ही नुसती मान हलवायचो.
एकशे शेहेचाळीस मीटर, दुर्बीण म्हणाली.
पण तिच्या मनगटावर अजून पावणेअकरा.
आमच्या मैदानात सरहद्द गवतातूनच जाते,
इकडून मारलेला चेंडू
मारण्याच्या तासभर आधी तिकडे पडतो,
आणि मध्यरात्रीनंतर हरवला
तर आम्ही भांडतो,
आज हरवला की काल.
तो तास कुठल्या दुर्बिणीत दिसतो, ओन्नीला विचारलं.
पोरगा हसला नाही.
माहितीपत्रक उलटून मागची बाजू वाचू लागला.

गुन्वोर पोचली, धापा टाकत.
माझ्या हाताकडे पाहिलं तिने,
तीस वर्षं सामानाच्या तळाशी पाहायची सवय.
काही विचारलं नाही.
पाठमोरी होऊन माझ्यापुढे उभी राहिली.
ठेव कोपर, म्हणाली, खांद्यावर.

ठेवलं.
तिच्या स्वेटरला कुत्र्याचा वास होता.
हात थांबला, पूर्ण नाही, पुरेसा.
लांबचा झेंडा वर्तुळात आला, निसटला, आला,
आणि मग एकच, बारीक,
माझी नव्हे अशी थरथर.

एकशे एकोणतीस.

मी अंदाजपंचे एकशे तीस म्हटलं असतं, ती म्हणाली.
ओन्नी दारातून ओरडत होता,
थंडीत बॅटरी बसते, कोटाच्या आत ठेवा,
वॉरंटी दोन वर्षं.
मी अजून एकदा नेम धरला.

हलू नकोस, म्हटलं.

मी कुठे हलतेय, गुन्वोर म्हणाली.