सात नंबरचा कोट

लायब्ररीच्या तळघरात, बॉयलरला लागून
आमची खोली. दारावर पाटी आहे,
पण पाटी वाचून कुणी येत नाही.
येतात ते इथला प्रिंटर फुकट म्हणून,
किंवा बाहेर नेब्रास्काचा वारा
कान कापून नेतो म्हणून.

मी विचारत नाही, काय अडलंय.
विचारलं की म्हणतात, काही नाही.
मीही असंच म्हणायचे, याच इमारतीत, चार वर्षं.
म्हणून मी म्हणते,
जरा ही खुर्ची धर गं, बल्ब बदलायचाय.
खुर्ची धरून उभं राहिलं,
समोर तोंड नसलं, नुसते माझे बूट असले,
की माणूस बोलतं.

हलीमो अशीच बोलली.
प्राध्यापकांच्या दारावर लिहिलेलं: ऑफिसची वेळ, दोन ते चार.
म्हणजे त्यांच्या कामाची वेळ, कुणी त्रास देऊ नये,
असं समजून अख्खं सत्र ती
त्या दारावरून चवड्यांवर चालत गेली.
मी वरून म्हटलं, अगं, ती वेळ तुझी.
खुर्ची हलली.
"मग तसं लिहीत का नाहीत?"
मला उत्तर सुचलं नाही.
बल्ब लागला तेवढा.

नाझारियोच्या फॉर्मवर रकाना होता: वडिलांचं शिक्षण.
त्यानं माझ्यासमोरच फोन लावला.
पलीकडे मांसाच्या कारखान्यात पंधरा मिनिटांची सुट्टी.
त्यातली तीन मिनिटं वडील गप्प.
मागे पाण्याच्या नळ्या, कुणाचं तरी खोकणं.
मग म्हणाले,
"जे लिहिलं की तुला पैसे मिळतात, ते लिही."
त्यानं रकाना रिकामा ठेवला.
मी पेन्सिल पुढे केली,
आणि मग मागे घेतली.

कपाटात नऊ कोट आहेत, मुलाखतीला उसने न्यायचे.
सात नंबरचा कुणालाच नीट बसत नाही,
आणि सगळे तोच नेतात.
धुवायला टाकण्याआधी मी खिसे तपासते.
बसचं तिकीट, च्युइंगमचा कागद,
आणि एकदा चिठ्ठी. मग चिठ्ठ्या.

पाणी हवंय का विचारलं तर हो म्हण. घसा चिकटतो.

'तुमच्याबद्दल सांगा' म्हणजे घरचं नव्हे.
मी आमच्या शेळ्या सांगितल्या.
तरी नोकरी मिळाली.

डाव्या बाहीची गुंडी सैल आहे, ओढू नकोस.
आणि खाली, वेगळ्या शाईत: शिवली.

धुऊन आला कोट की मी चिठ्ठ्या परत खिशात घालते.
वरच्या मजल्यावरून साहेब येतात वर्षातून एकदा,
लाभार्थी किती विचारतात.
मी आकडा सांगते. तो त्यांना पुरतो.
खिशाचं मी सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये हलीमोनं सात नंबर नेला.
लांब झग्यावर तो विचित्र दिसत होता,
ती आरशासमोर हसली, मग हसणं पुसून गेली.
नोकरी मिळाली नाही.
कोट दारात टांगून ती न बोलता निघून गेली,
आणि मी दोन दिवस त्या खिशात हात घातला नाही.
घातला तेव्हा पावतीच्या पाठीवर, बारीक अक्षरात:

दोन ते चार. ढकल. दार उघडंच असतं.

आज गुरुवार. नाझारियो आलाय.
बाह्या त्याला आखूड होणार,
त्यालाही ते माहीत आहे,
प्रिंटरपाशी उगाच कागद सारखे करतोय.
चल, मी म्हणते, जरा खुर्ची धर.

तुम्हाला म्हणून सांगते, तो बल्ब कधीच गेलेला नसतो.
सकाळी कुणी यायच्या आत
मीच तो अर्धा फेरा सैल करून ठेवते.