तुलनेसाठी

वडापच्या रिक्षातनं आम्ही चौघं राजारामपुरीत उतरलो.
सेंटरच्या दारात अप्पांचे खिसे रिकामे करायला लावले:
आरी, रापीचं मोडकं पातं, मूठभर चुका.
लोखंड आत चालत नाही.
आईचं मंगळसूत्र रुमालात बांधून माझ्याकडं.

पुण्याच्या संशोधक मॅडम म्हणाल्या,
पन्नास मुलं अशी हवीत, पन्नास तशी.
दादा अशांत.
मी तशांत. वय नऊ, तुलनेसाठी.

"इंद्रा, मी हितंच बसलोय, भिऊ नको."
मॅडमांना वाटलं अप्पाच बोलले.
आमच्याकडं बायकाही असंच बोलतात.

चाळीस मिनिटं हलायचं नाही म्हटल्यावर
आईला हसू फुटलं.
शाळेच्या एकाही फोटोत दादा नाही,
त्याच्या जागी नुसता पुसट फराटा.

मग मशीन सुरू झालं.
ठक ठक ठक. थांबून, ठक ठक ठक.
अप्पा बाकावरनं उठले:
"ह्यो तर तळ ठोकल्यागत आवाज!"

तान्हा होता तेव्हापासून दादा
ऐरणीच्या बाजूला झोपलेला,
हिरड्याच्या, ओल्या कातड्याच्या वासात.
चाळीस मिनिटं त्याचा अंगठासुद्धा हलला नाही.
पडद्यावर त्याचा मेंदू
चिरलेल्या कोबीसारखा
पापुद्रा पापुद्रा उघडत गेला.

मग मी.
नाक खाजलं. हसू आलं.
आई दिसेना, म्हणून रडू.
माझी चित्रं धूसर. वहीत एक शब्द: बाद.

आईनं विचारलं, काय बिघडलंय दिसलं का?
एकट्याचं नाही सांगता येत, मॅडम म्हणाल्या,
सगळ्यांची सरासरी काढल्यावर
मेंदूच्या कुठल्या भागाची कुठल्या भागाशी
किती बोलाचाल, एवढंच कळेल.
"सुभाषनगरात तरी कुठं
सगळ्यांची सगळ्यांशी असती," आई म्हणाली.

तीन वर्षांनी निबंध छापून आला.
नावं नाहीत, नुसते ठिपके.
त्यातला एक दादा, कुठला ते माहीत नाही.
तळाला बारीक अक्षरांत:
हालचालीमुळे वगळलेली, तीन.
मी तिथं सापडते.

आता अप्पांना टाका दिसत नाही.
तळ दादाच ठोकतो.
ठक ठक ठक, मग चार श्वास थांबतो,
मग दाट, भरभर, मग एकच लांब घरघर तोंडानं.
गिऱ्हाईक दचकून बघतं.
मला ती क्रमवारी पाठ आहे,
त्या बोगद्यात मीही होते, अर्धी.

संध्याकाळी चपलांच्या ढिगापलीकडं
मी उंबऱ्यावर बसतो,
न हलता,
जमेल तेवढं.